भरतीची धाव आणि मनगटावरचे घड्याळ

वरवट बकालला पहाटे पोलीस भरतीसाठी धावणारी मुले आम्हाला विचारतात, "ताई, घड्याळात १६०० मीटर वेळेत होतात, मग मैदानावर वेळ जास्त का लागतो?"

जीपीएस घड्याळ उपग्रहांच्या संकेतांवरून आपली जागा ठरवते आणि त्या ठिपक्यांमधल्या अंतराची बेरीज करते. मोकळ्या आकाशाखालीही ठिपका काही मीटर चुकतो; झाडांखाली, इमारतींजवळ जास्तच. घड्याळाने दोन टक्के अंतर वाढवून दाखवले, तर ३२ मीटर धावायचे राहूनच जातात. ५ मिनिटे १० सेकंदांच्या वेगाने हे सहा सेकंद झाले. भरतीत तेवढ्याने गुण जातात.

म्हणून मैदानावर टेपने २०० मीटरची फेरी मोजा, चुन्याने आखा. मुलांनी आठ फेऱ्या, मुलींनी ८०० मीटरसाठी चार, स्टॉपवॉच लावून धावाव्यात. घड्याळ असेलच, तर आधी सिग्नल मिळू द्या आणि क्षणाक्षणाचा वेग न पाहता सरासरी पाहा. कर्ज काढून मात्र घेऊ नका. धावताना छातीत दुखले, चक्कर आली, तर आकडा विसरा. थांबा, डॉक्टरांना दाखवा.

कुणी सांगितले म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, ही तथागतांची शिकवण. ती घड्याळालाही लागू आहे.