भिंतींचे रंग आणि त्यांची मराठी नावे

घर रंगविताना ‘कोणता रंग’ एवढाच प्रश्न सामान्यतः विचारला जातो. वस्तुतः तो किती जागेवर, कशाच्या शेजारी आणि कोणत्या उजेडात, हे प्रश्न अधिक महत्त्वाचे होत. पॅरिसच्या गोबेलँ विणकामशाळेतील काळ्या लोकरीस पुरेशी काळिमा नाही, अशी तक्रार आली असता तेथील रंगविभागाचा प्रमुख, रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल, याने दोष लोकरीचा नसून शेजारच्या निळ्या-जांभळ्या धाग्यांचा आहे असे दाखविले. १८३९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथाचे मूळ या शोधात आहे. लाल पडद्यालगतची राखी भिंत किंचित हिरवट भासते, ती याच कारणाने. तथापि लाल कोब्यावर ऊन पडले की परावर्तित तांबूस प्रकाश भिंतीवर चढतो, म्हणजे परिणाम नेमका उलट होतो. केवळ नियम पाठ करून भागत नाही, ते यामुळे.

उजेडाचेही तसेच. अंधुक प्रकाशात तांबडा रंग निळ्याच्या मानाने लवकर काळवंडतो, हे पुर्किन्ये याने १८२५ साली नोंदविले. माजघरातील गेरूचा पट्टा सांजवेळी काळपट दिसतो, त्यात रंगाऱ्याचा अपराध नसतो.

चुन्यात नीळ घालण्याची रीत या दृष्टीने फार बोलकी आहे. नीळ घातल्याने भिंत अधिक प्रकाश परतवीत नाही, किंबहुना थोडा कमीच परतविते. पण चुन्यातील पिवळसर झाक मारली गेल्याने डोळ्यास ती अधिक शुभ्र वाटते. येथे भाषेचीही एक गंमत आहे. ‘नीळ’ हे मूळ वनस्पतीपासून काढलेल्या रंगाचे नाव. १८२८ मध्ये फ्रान्समध्ये कृत्रिम अल्ट्रामरीन सिद्ध झाले. पुढे कपड्यांच्या नि चुन्याच्या निळीत ते सर्रास वापरात आले. वस्तू बदलली, शब्द मात्र टिकला. हा खनिज रंग चुन्याच्या दाहकतेत तग धरतो. गेरू आणि पिवडीही धरतात. उलट प्रशियन ब्लू त्यात नासतो.

बर्लिन आणि के यांनी १९६९ साली भाषांतील मूलभूत रंगनामांचे ११ वर्ग मांडले. वस्तूवरून पडलेली नावे त्यांच्या कसोटीस सहसा उतरत नाहीत. म्हणजे मोतिया, अबोली, डाळिंबी, पारवा, शेवाळी, अंजिरी ही सारी पंक्तीबाहेर! सिद्धान्ताच्या दृष्टीने ते योग्य असेल. परंतु घर सजविणाऱ्यास हीच नावे अधिक कामाची आहेत. ‘पांढरा’ म्हटल्याने चकाकी कळत नाही, ‘मोतिया’ म्हटल्याने कळते. ‘डाळिंबी’त गडदपणा येतो, ‘राखी’त निस्तेजपणा. लुगड्यांच्या व्यवहारात ही नावे नांदली. भिंतींच्या व्यवहारात मात्र ती फारशी शिरली नाहीत. तेथे नमुनापत्रिकेवरील क्रमांक बोलतो, आणि रंगारी व घरमालक यांना तुलनेसाठी समान शब्दच उरत नाही.

पत्रिकेवरील चौकोन लहान असतो, शिवाय भोवती पांढरा कागद असतो. तोच रंग चारही भिंतींवर चढला की एका भिंतीवरील प्रकाश दुसरीवर पडून तो पुष्कळ गडद होतो. यास्तव पत्रिकेत आवडलेल्या छटेहून एक पायरी फिकी छटा घ्यावी. समोरासमोरच्या दोन भिंतींवर हातभर रुंदीचे पट्टे ओढून ते सकाळी, दुपारी व दिव्याच्या उजेडात पाहावे, आणि प्रत्येक वेळी त्या पट्ट्यास कोणते नाव सुचते तेही टिपून ठेवावे. सकाळची अबोली रात्री विटकरी ठरत असेल, तर ती छटा त्या खोलीची नव्हे.