चॉकलेटातली अळी आणि बातमीमागचे हात

ऑक्टोबर २००३ आठवतोय? दिवाळी तोंडावर आलेली आणि मुंबईत कॅडबरी डेअरी मिल्कच्या वड्यांमध्ये अळ्या सापडल्याची बातमी! राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रारी गेल्या आणि टीव्हीवर, पेपरात एकच चर्चा सुरू झाली. भाऊबीजेला मिठाईऐवजी चॉकलेटचा डबा न्यायची टूम तेव्हा नवी होती; आयांनी हात आखडता घेतला. कंपनी म्हणाली, दुकानदारांनी माल नीट ठेवला नाही. प्रशासनाचा सवाल सरळ होता, मग वेष्टन असं कसं की अळी आत शिरते?

पुढे जे घडलं त्याला म्हणतात जनसंपर्क, म्हणजेच ‘पीआर’. कंपनीने ‘प्रोजेक्ट विश्वास’ काढून दुकानदारांना साठवणुकीचे धडे दिले, २००४ च्या सुरुवातीला हवाबंद वेष्टन आणलं आणि मग अमिताभ बच्चनना पुढे केलं. मला विचाराल तर खरं काम वेष्टनाने केलं. अळी आत जायची वाट तशीच ठेवून नुसते अमिताभ आले असते, तर आपण बायका काय इतक्या भोळ्या आहोत?

जाहिरात आणि पीआर यांत आपली गल्लत होते. जाहिरातीची जागा पैसे मोजून घेतात. पीआरवाला मात्र बातमीच्या रूपाने आपल्या घरात येतो. पेपरला तो मथळ्यासकट तयार ‘प्रेसनोट’ आणि फोटो देतो. टीव्हीला लांबण चालत नाही, तिथे हवा ‘बाइट’, म्हणजे कॅमेऱ्यासमोर अर्ध्या मिनिटात बोलणारा माणूस. तो मिळाला नाही की चॅनेल समोरच्या पक्षाला बोलावून मोकळं होतं!

मोबाइल आल्यावर तर सगळंच बदललं. २०१५ मध्ये मॅगीत शिसं जास्त असल्याचं प्रकरण उठलं, तेव्हा पेपर उद्या येईपर्यंत कोण थांबणार? सोशल मीडियावर लोक प्रश्न विचारत होते, आणि कंपनी सुरुवातीला गप्प राहिली म्हणून तिच्यावर खूप टीका झाली. मॅगीची जाहिरात केली म्हणून माधुरी दीक्षितलाही हरिद्वारहून नोटीस गेली. ५ जूनला नेस्लेचे जागतिक प्रमुख थेट दिल्लीत पत्रकारांपुढे आले. त्याच दिवशी केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने माल परत घ्यायला सांगितला. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी उठवली, नव्याने तपासण्या करायला लावल्या, त्यात मॅगी पास झाली आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा दुकानात आली. मधल्या काळात कंपनीने ‘आम्हालाही तुमची आठवण येते’ अशा अर्थाच्या छोट्या फिल्मा इंटरनेटवर सोडल्या होत्या. विकायला पाकीट नाही, तरी आठवण ताजी! हुशारी म्हणायची ती हीच.

या हुशारीची एक काळी बाजूही आहे. २००९ च्या निवडणुकांत पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवर इतका गदारोळ झाला की प्रेस कौन्सिलला त्याची चौकशी करावी लागली. आता रीलमध्ये एखादी ताई क्रीम लावून दाखवते, ती मैत्रीण म्हणून बोलते की पैसे घेऊन? जाहिरात क्षेत्राच्या ‘आस्की’ या संस्थेने २०२१ पासून अशा व्हिडिओवर ‘जाहिरात’ असं स्पष्ट लिहायचा नियम केला आहे. लेकीसुनांना ते लेबल शोधायला जरूर शिकवा, कारण चेहऱ्याला काय लावायचं हे त्या मोबाइलवरूनच ठरवतात.

बरं, हे तंत्र काही फक्त बड्या कंपन्यांचं नाही. बचत गटाचं काम करताना मी पाहते, बायका तीन-तीन दिवस राबून फराळाचं प्रदर्शन भरवतात आणि बातमी येते ती पाहुण्यांच्या हारतुऱ्यांची! चकल्या कुणी तळल्या ते नाव कुठेच नाही. म्हणून प्रेसनोट आपणच लिहावी. पहिल्या दोन ओळींत कोण, काय, कुठे, केव्हा. मग मालाचा भाव आणि गटाचा फोन नंबर. ‘दीपप्रज्वलनाने शुभारंभ’ वगैरे शेवटी, जागा उरली तर. फोटो रांगेत उभ्या साड्यांचा नको, कढईपाशी काम करणाऱ्या बाईचा द्या. आणि वार्ताहराला दुपारच्या आत पाठवा. रात्री पेपर लागायच्या वेळी तुमची नोट वाचायला कुणाला सवड नसते.

टीव्हीवाले कधी आलेच तर अध्यक्षबाईंना जरा बाजूला बसवा आणि हिशेब ठेवणाऱ्या बाईला बोलू द्या. तिला आकडे पाठ असतात.