अल्सर : दुधाच्या पथ्यापासून प्रतिजैविकांपर्यंत

अल्सर म्हणजे जठराच्या किंवा त्याला लागून असलेल्या लहान आतड्याच्या आतल्या अस्तराला पडलेली जखम. बेंबीच्या वर दुखते, जळजळते. लहान आतड्यातला अल्सर बहुधा उपाशीपोटी किंवा मध्यरात्री दुखतो आणि काही खाल्ले की तात्पुरता शमतो. जखम खोल गेली तर रक्तस्राव होऊन शौचाला डांबरासारखे काळे होते, क्वचित आरपार भोकही पडते. गेल्या शंभर वर्षांत या रुग्णाचे प्रश्न फारसे बदललेले नाहीत. दूध चालेल का, तिखट सोडायचे का, हे टेन्शनमुळे झाले का, गोळी किती दिवस घ्यायची, ऑपरेशन टळेल का? वैद्यकाने दिलेले जवळजवळ प्रत्येक उत्तर मात्र या काळात एकदा तरी फिरले.

सुरुवात आम्लापासून झाली. जठरात हायड्रोक्लोरिक आम्ल असते हे विल्यम प्राउट यांनी १८२३ च्या सुमारास दाखवून दिले होते. जिथे आम्ल नाही तिथे अल्सर होत नाही, असा सिद्धांत १९१० मध्ये कार्ल श्वार्ट्स यांनी मांडला आणि पुढची सत्तर वर्षे सगळे उपचार त्याच्याभोवती फिरत राहिले. १९१५ मध्ये शिकागोच्या बर्ट्रम सिपी यांनी एक पथ्य सांगितले : दर तासाला दूध आणि साय, अधूनमधून क्षाराच्या पुड्या आणि भरपूर विश्रांती. रुग्णाला बरे वाटे, कारण दूध थोडा वेळ आम्ल मारते. पण दुधातली प्रथिने आणि कॅल्शियम जठराला आणखी आम्ल तयार करायला लावतात, त्यामुळे तासाभराने पुन्हा दूध लागतच असे. काही रुग्णांच्या रक्तात दूध आणि क्षारांमुळे कॅल्शियम इतके वाढे की मूत्रपिंडे बिघडत. १९६० च्या सुमारास असेही दिसले की हे पथ्य पाळणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके अधिक आहेत. पथ्य मोडीत निघाले, तरी पित्त उसळले की थंड दूध पिण्याची सवय मराठी घरांत अजून टिकून आहे. कधीमधी तसे केल्याने नुकसान काही नाही, पण तो अल्सरवरचा उपचार नव्हे.

पथ्याने भागले नाही की शस्त्रक्रिया. थिओडोर बिलरॉथ यांनी १८८१ मध्ये व्हिएन्नात कर्करोगासाठी जठराचा भाग काढण्याची शस्त्रक्रिया यशस्वी केली आणि तीच पद्धत पुढे अल्सरला लावली गेली. १९४३ मध्ये लेस्टर ड्रॅगस्टेड यांनी जठराला आम्ल सोडण्याचा संदेश देणारा व्हेगस मज्जातंतू कापण्याचा मार्ग रूढ केला. जखम भरून येई, पण जेवल्यावर घाम, धडधड आणि जुलाब असा त्रास अनेकांना जन्मभर पुरे. विसाव्या शतकाच्या मध्यात ही मोठ्या रुग्णालयांतली रोजची शस्त्रक्रिया होती. आज ती प्रामुख्याने आरपार भोक पडल्यावर किंवा रक्तस्राव दुर्बिणीतून थांबत नसेल तेव्हाच लागते, आणि तीही सहसा फक्त भोक बुजवण्यापुरती.

तिखटाच्या प्रश्नाला भारतात वेगळेच वळण मिळाले. पश्चिम रेल्वेचे डॉक्टर एस. एल. मल्होत्रा यांनी १९६० च्या दशकात रेल्वे कर्मचाऱ्यांमधल्या अल्सरचा अभ्यास केला. भात खाणाऱ्या दक्षिणेकडे आजार जास्त आणि पोळी खाणाऱ्या उत्तरेकडे कमी, असे त्यांना आढळले. मसाला तर दोन्हीकडे खाल्ला जातो. पोळी चावावी लागते, त्यामुळे लाळ अधिक मिसळते, असा त्यांचा तर्क होता. म्हैसूरमध्ये काम करणारे ब्रिटिश शल्यचिकित्सक फ्रँक टोवी यांनीही हाच धान्याचा धागा पुढे अनेक वर्षे धरून ठेवला. कारणमीमांसा वादाची राहिली, पण मिरचीवरचा संशय यातून बराच सैल व्हायला हवा होता. तो झाला नाही. अखेर १९८८ मध्ये ह्यूस्टनच्या डेव्हिड ग्रॅहम यांनी निरोगी स्वयंसेवकांना झणझणीत मेक्सिकन जेवण दिले आणि दुर्बिणीतून जठर पाहिले. तिखटाने अस्तराला लक्षणीय इजा झाली नव्हती. साध्या जेवणासोबत ॲस्पिरिन दिले तेव्हा मात्र ओरखडे दिसले. तात्पर्य, तिखटाने जळजळत असेल तर ते कमी करावे, पण मिरचीने अल्सर होतो हे खरे नाही आणि ती सोडल्याने तो बराही होत नाही.

टेन्शनचे उत्तर इतके साफ नाही. १९५८ मध्ये जोसेफ ब्रेडी यांनी माकडांच्या जोड्यांवर प्रयोग केला. विजेचा झटका दोघांनाही बसे, पण दांडी दाबून तो टाळण्याची जबाबदारी एकाच माकडावर होती. अल्सर झाले ते जबाबदार माकडांना. ही माहिती लोकांना फारच आवडली आणि अल्सर हा साहेब लोकांचा, कर्तबगारीचा आजार ठरला. पण जबाबदार माकडे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती, जी आधीच दांडी जास्त दाबत तीच घेतली होती. पुढे जे वाइस यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगात उलटेच दिसले : झटका टाळणे ज्याच्या हातात होते, त्याला अल्सर कमी झाले. तरीही ताणाला पूर्ण निर्दोष ठरवता येत नाही. १९४०-४१ मध्ये लंडनवर बॉम्ब पडत असताना तिथे आरपार भोक पडलेल्या अल्सरचे रुग्ण वाढले होते. १९९५ च्या कोबे भूकंपानंतर रक्तस्राव होणारे अल्सर वाढल्याची नोंद जपानी डॉक्टरांनी केली. ताण जखम चिघळवतो, पण तो बहुधा एकटा ती करत नाही.

१९७६ मध्ये ब्रिटनमध्ये सिमेटिडीन बाजारात आले आणि शस्त्रक्रियागृहांतली गर्दी ओसरू लागली. आम्ल तयार करण्याचा हिस्टामिनचा संदेश अडवणारे हे औषध शोधल्याबद्दल जेम्स ब्लॅक यांना १९८८ चे नोबेल मिळाले. १९८१ मध्ये रॅनिटिडीन आले. भारतात १९७० च्या कायद्यानुसार औषधावर नव्हे, तर ते बनवण्याच्या पद्धतीवरच पेटंट मिळत असे. म्हणून देशी कंपन्यांनी ते स्वस्तात बनवले आणि ‘गॅसची गोळी’ घराघरांत पोचली. १९८८ मध्ये आलेले ओमेप्रॅझोल त्याहून जोरकस, कारण ते आम्लाचा पंपच बंद करते. गोळी चालू असेपर्यंत अल्सर भरलेला राही, बंद केली की वर्षभरात निम्म्याहून अधिक रुग्णांत तो परत येई. गोळी किती दिवस, या प्रश्नाला त्या काळचे प्रामाणिक उत्तर ‘जन्मभर’ असेच होते, आणि औषध कंपन्यांना त्यात तक्रारीसारखे काही दिसत नव्हते.

जंतूचा विचार याआधीही झाला होता. १९४० मध्ये बोस्टनच्या फ्रीडबर्ग यांना काही जठरांत नागमोडी जंतू दिसले होते. १९५४ मध्ये एडी पामर यांनी हजाराहून अधिक नमुने तपासून असे काही नसल्याचे जाहीर केले आणि तो विषय तिथेच थांबला. त्यांनी वापरलेल्या रंगद्रव्यात हे जंतू नीट दिसतच नाहीत. ग्रीसमध्ये योआनिस लिकूदिस नावाचे डॉक्टर १९५८ पासून अल्सरवर प्रतिजैविके देत होते, त्याबद्दल १९६८ मध्ये त्यांना दंड ठोठावण्यात आला. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे रॉबिन वॉरन यांना जठराच्या सुजलेल्या अस्तरावर हेच जंतू पुन्हा दिसले. तरुण डॉक्टर बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले. प्रयोगशाळेत जंतू वाढेनात, कारण बशा दोन दिवसांनी फेकून देण्याची रीत होती. १९८२ च्या ईस्टरच्या सुटीत एक बशी तशीच राहून गेली आणि तिच्यात वसाहत उगवली. १९८४ मध्ये मार्शल यांनी हे जंतू स्वतःच पिऊन टाकले. काही दिवसांत त्यांना मळमळ आणि उलट्या सुरू झाल्या आणि तपासणीत जठराला सूज आढळली. अल्सर मात्र झाला नव्हता, हे या गोष्टीच्या रंगतदार आवृत्त्यांत हमखास गळते.

प्रयोगापेक्षा निर्णायक ठरल्या त्या नंतरच्या चाचण्या. हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतू प्रतिजैविकांनी नाहीसा केला की अल्सर क्वचितच परत येतो, हे त्यांत वारंवार दिसले. जुने डॉक्टर शतकभर अल्सरला देत आलेले बिस्मथ या जंतूला मारते, हेही आता कळले. औषधाचा गुण खरा होता, त्यामागची समजूत चुकीची होती. १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञ समितीने जंतू असलेल्या अल्सरच्या रुग्णांना प्रतिजैविके द्यावीत असा निर्वाळा दिला. त्याच वर्षी या जंतूची गणना जठराच्या कर्करोगाच्या कारणांत झाली. वॉरन आणि मार्शल यांना २००५ चे नोबेल मिळाले.

यानंतरही अल्सर संपलेला नाही. दुसरे मोठे कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या : ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक. जठराच्या अस्तराचे रक्षण करणारी प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये या गोळ्या कमी करतात, हे जॉन वेन यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या संशोधनातून उलगडले. गुडघेदुखीसाठी मनानेच महिनोन्‌महिने गोळी घेणाऱ्या वयस्कर माणसाला पोटात न दुखताही एकदम रक्तस्राव होऊ शकतो. गॅसच्या गोळ्यांचेही चित्र बदलले. अशुद्ध द्रव्याच्या भीतीने अमेरिकेने २०२० मध्ये रॅनिटिडीन बाजारातून काढायला लावले, भारताच्या आवश्यक औषधांच्या यादीतून ते २०२२ मध्ये वगळले गेले. त्याची जागा पँटोप्रॅझोलने घेतली आहे, आणि तेही गरज नसताना वर्षानुवर्षे घेतले जाते.

भारतात निम्म्याहून अधिक प्रौढांच्या जठरात हा जंतू असतो. तो बहुधा लहानपणी घरातच लागतो आणि बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. त्यामुळे सरसकट सगळ्यांची तपासणी होत नाही, अल्सर असलेल्याची मात्र व्हायलाच हवी. ती दुर्बिणीतून काढलेल्या तुकड्यावर, श्वासावर किंवा शौचावर करता येते. उपचार सहसा १४ दिवसांचा : आम्ल कमी करणारे औषध आणि किमान दोन प्रतिजैविके. जुलाबावर उठसूट दिल्या गेलेल्या मेट्रोनिडॅझोलला भारतातले अनेक जंतू आता दाद देत नाहीत, म्हणून बिस्मथ पुन्हा वापरात आले आहे. औषधे संपल्यावर किमान चार आठवड्यांनी फेरतपासणी करावी लागते आणि तिच्याआधी दोन आठवडे पँटोप्रॅझोलसारख्या गोळ्या बंद ठेवाव्या लागतात, नाहीतर जंतू असूनही तो नसल्याचा अहवाल येतो.