दार उघडे, पण आत मान कोणाला?

चर्चच्या दारावर कोणाची जात विचारली जात नाही, भाषाही नाही. तरीही काही श्रद्धाळू माणसे प्रार्थनेला येतात, मागच्या बाकावर बसतात आणि कोणाशी न बोलता परततात. कालांतराने येणेच थांबवतात. त्यांचे भांडण बहुधा येशूच्या शिकवणुकीशी नसते. वेदीजवळ वाचन कोण करतो, मिरवणुकीत पुढे कोण चालतो, फेस्ताचा मान कोणत्या घरांकडे जातो, यांतून त्यांना आपले स्थान कळत असते. म्हणूनच या परकेपणाची कारणे शोधताना धर्मग्रंथापेक्षा मानपानाच्या व्यवस्थेकडे पाहावे लागते.

सुरत आणि गुजरातचा इतिहास या दृष्टीने बोलका आहे. 1815 मध्ये लंडन मिशनरी सोसायटीचे जेम्स स्किनर व विल्यम फायवी सुरतेत आले आणि त्यांनी बायबल गुजरातीत आणण्याचे काम हाती घेतले. 1840 च्या दशकात ते केंद्र आयर्लंडच्या प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. पुढे गुजरातेत, विशेषतः खेडा परिसरात, विणकामावर जगणाऱ्या दलित वणकर समाजातील अनेक कुटुंबांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. मात्र सफाईकामाला जुंपल्या गेलेल्या समाजातील माणसे त्याच धर्मात येऊ लागली, तेव्हा आधी आलेल्यांपैकी काहींनी त्यांच्यापासून अंतर राखले. उतरंडीतील मडक्याला आपल्या खाली आणखी एक मडके हवे असते, तसाच हा प्रकार होता. धर्म बदलला तरी सोयरीक, वस्ती आणि पंगत जुनीच राहिली.

आजच्या सुरतेत यात भाषेचीही भर पडते. कापड आणि हिऱ्यांच्या उद्योगांनी देशभरातील माणसे तेथे ओढून आणली. उधना, लिंबायत या भागांत तर मराठी कानावर सहज पडते. अशा शहरात प्रार्थना कोणत्या भाषेत व्हावी, हा केवळ सोयीचा प्रश्न राहत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962-65) कॅथलिक उपासनेत लोकभाषांना वाट मोकळी करून दिली; पण स्थलांतरितांच्या शहरात कोणाची लोकभाषा, हा प्रश्न उरतोच. आपल्या भाषेत पापनिवेदनही करता येत नसेल, तर माणूस तेथे पाहुण्यासारखाच वावरतो.

गोमंतकीयांना मानाचा प्रश्न नवा नाही. येथील अनेक गावांत चर्चच्या कॉन्फ्रारिया, म्हणजे धार्मिक बंधुसंघ, पूर्वापार जातीनुसार विभागलेल्या होत्या. कोणत्या संघाने कोणता झगा घालावा आणि कोणते फेस्त साजरे करावे, हेही ठरलेले असे. कुंकळ्ळीत सायबिणीच्या फेस्ताचा मान गावकार घराण्यांपुरताच असावा की सर्वांसाठी खुला व्हावा, यावरून दीर्घकाळ वाद झाला. तमिळनाडूतील वडक्कनकुळम येथे तर 19व्या शतकात चर्चच्या आतच जातींना वेगळे करणारी भिंत होती. ती 1910 मध्ये पाडण्यात आली. विटांची भिंत एका दिवसात पाडता येते. मानाची भिंत मात्र परंपरेचे नाव घेऊन उभी असते, त्यामुळे तिच्यावर हात टाकणे अवघड जाते.

दलित ख्रिस्तींची कोंडी दुहेरी आहे. 1950 च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातींचा दर्जा सुरुवातीला हिंदूंपुरता होता. पुढे 1956 मध्ये शिखांना आणि 1990 मध्ये बौद्धांना तो लागू झाला. ख्रिस्ती आणि मुस्लिम अजूनही त्याबाहेर आहेत. या प्रश्नाच्या अभ्यासासाठी केंद्राने 2022 मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. परिणामी कायदा त्यांना सांगतो की तुम्ही ख्रिस्ती झालात, आता तुम्हाला अनुसूचित जात नाही. आणि अनेकदा त्यांचाच समाज त्यांना जातीची आठवण करून देतो.

चर्चने हा दोष झाकून ठेवलेला नाही. डिसेंबर 2016 मध्ये भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने दलित सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले आणि चर्चमध्येही जातिभेद असल्याचे मान्य केले. पण धोरण दिल्लीत ठरते आणि अपमान गावात होतो. फेस्ताची समिती, वाचकांची यादी, गायनवृंद आणि दफनभूमीतील जागा यांचे निर्णय गावपातळीवरच होतात. बदलाची कसोटीही तेथेच लागेल.

मराठी ख्रिस्ती परंपरेत याचा एक पूर्वसंस्कार आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तेथे जागा होती. 1919 मध्ये टिळक निवर्तले आणि तो प्रयोग फार वाढू शकला नाही. पण आत आलेल्या माणसाला ‘तू कोणाचा?’ असे न विचारता जवळ बसवून घ्यावे, ही त्यांची अपेक्षा आजही प्रत्येक चर्चपुढे उभी आहे.