छत कापडी की कडक?

इंग्लंडमध्ये जुनी मझ्दा एमएक्स-५ घ्यायला निघालेले मित्र मला पहिला प्रश्न छताचाच विचारतात. मी कापडी छताच्या बाजूचा आहे. सिग्नलला थांबल्यावर बसल्या जागेवरून खटका सोडायचा, छत मागे ढकलायचं, झालं! मोटार नाही, वायरिंग नाही. बिघडण्यासारखं फारसं काही नसणं, हे जुन्या गाडीत फार मोलाचं.

गाडी रात्री रस्त्यावर उभी राहणार असेल, तर मात्र कडक छत घ्या. तिसऱ्या पिढीत 2006 साली घडी होणारं कडक छत आलं. ते साधारण 12 सेकंदांत मिटतं, डिकीतली जागा खात नाही. वजन तेवढं सुमारे 37 किलोंनी वाढतं. चौथ्या पिढीतल्या आरएफमध्ये मागच्या कमानी उभ्याच राहतात आणि फक्त डोक्यावरचा भाग आत जातो. पोर्शेने 1965 मध्ये 911 टार्गात आणलेल्या कल्पनेचीच ही आठवण. दिसायला आरएफ देखणी, पण हायवेवर छत उघडलं की त्या कमानींपाशी वारा घोंघावतो.

छत कुठलंही असो, खरा शत्रू पाणी. सीटांच्या मागे पाणी वाहून जाण्याची भोकं असतात. ती पानांनी तुंबली की पाणी आत मुरतं आणि दारांखालचे पत्रे आतून गंजू लागतात. वरचा रंग चकचकीतच राहतो. म्हणून सीटांमागचा गालिचा हाताने चाचपून पाहा, मागच्या चाकांपुढचा पत्रा खालून बघा. आणि गाडी पाहायला शक्यतो पावसातच जा.