चाक घरघर करतंय? बेअरिंग आपणच बदलूया

मागच्या वेळी आपण गटाच्या हिशेबाच्या वह्यांवर बोललो. आज वही बाजूला ठेवू आणि हातात पाना घेऊ.

पावसाळा सरताना आमच्या गटातली एक ताई पारोळ्याच्या बाजारातून मोटारसायकलवर घरी येत होती. पुढे नवरा, मधे लेक, मागे ती आणि दोन्ही बाजूंना पिशव्या. वळणावर पुढचं चाक हेलकावे खायला लागलं. गाडी हळू होती म्हणून तिघं वाचली. ताई म्हणाली, "चाक घरघर करस, पन ध्यान कोन देस?" त्या दिवसापासून आम्ही ध्यान द्यायचं ठरवलं.

बैलगाडीच्या आसाला वंगण नसलं की गाडी कुरकुरते, हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. मोटारसायकलच्या चाकात तेच काम बेअरिंग करतं. दोन पोलादी कड्या, मधे छर्रे आणि ग्रीस. काळ्या मातीचा चिखल, नाल्याचं पाणी आणि गाडी धुताना मारलेला जोराचा फवारा आत शिरला की ग्रीस धुऊन जातं आणि छर्रे गंजतात. वर चाऱ्याचा भारा लादला की ते आणखी लवकर झिजतात.

ओळखायचं कसं? गाडी मेन स्टँडवर घ्या आणि पुढचं चाक अधांतरी ठेवा. एका हाताने फोर्क घट्ट धरा, दुसऱ्याने चाक आडवं हलवा. खडखड जाणवली, किंवा चाक फिरवल्यावर घरघर ऐकू आली, तर बेअरिंग गेलं समजा.

काढायचं कसं? पहिल्यांदा पुढचंच चाक घ्या. मागच्याला चेन असते, ते काम वाढतं. इथे आपण ड्रमब्रेकच्या गाडीबद्दल बोलतोय. इंजिनखाली लाकडी ठोकळा द्या, म्हणजे गाडी कलंडणार नाही. ब्रेकची आणि मीटरची केबल सोडवा, नट काढा आणि आस ओढून घ्या. निघालेली प्रत्येक वस्तू गोणपाटावर काढली त्याच क्रमाने मांडा आणि मोबाईलवर फोटो काढा. ब्रेकची धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा; ती छातीला वाईट.

हबमध्ये दोन बेअरिंगं असतात आणि मधे एक नळी. धुळीचं सील उचकटा. एका बाजूने सळई घाला, नळी जरा सरकवा आणि पलीकडच्या बेअरिंगच्या आतल्या कडीवर आळीपाळीने चौफेर ठोका. एक निघालं की नळी काढा, मग दुसरंही निघतं. ठोकताना डोळ्यांवर चष्मा हवाच, कडक पोलादाचा तुकडा उडू शकतो.

नवं कोणतं आणायचं? जुनं बेअरिंग घेऊनच दुकानात जा. त्यावर नंबर कोरलेला असतो. समजा ६३०१ असला, तर शेवटच्या ०१ चा अर्थ आतलं भोक १२ मिलिमीटर. ०२ म्हणजे १५ आणि ०३ म्हणजे १७. नंबर वाचता आला की दुकानदार चुकीचं बेअरिंग गळ्यात मारू शकत नाही. सीलही नवं घ्या.

बसवायचं कसं? हब घासलेटने धुऊन कोरडा करा आणि थोडा वेळ उन्हात ठेवा. आपल्या खान्देशातलं ऊन इथे कामाला येतं: धातू जरा फुगतो आणि बेअरिंग सहज बसतं. जुनं बेअरिंग वर ठेवून ठोका, पण मार फक्त बाहेरच्या कडीवर बसू द्या. आतल्या कडीवर मारलं तर घाव छर्ऱ्यांना लागतो आणि नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब होतं. एक बेअरिंग तळापर्यंत बसवा, मग मधली नळी, मग दुसरं, नळीला टेकेपर्यंतच. नळी विसरली तर नट आवळताच दोन्ही बेअरिंगं दाबली जातात आणि लवकरच फुटतात.

ब्रेकच्या पट्ट्यांना ग्रीस लागू देऊ नका. ब्रेकप्लेटची खाच फोर्कच्या कोंबावर नीट बसली का, ते दोनदा बघा. ती बसली नाही तर ब्रेक दाबताच प्लेटच चाकाबरोबर फिरेल आणि गाडी आडवी होईल. नट घट्ट करा, केबला जोडा, चाक फिरवा, ब्रेक तपासा. पहिली फेरी गल्लीतच मारा आणि आल्यावर नट पुन्हा बघा.

नवं बेअरिंग हबमध्ये नुसत्या हाताने सैल बसलं तर हबच झिजलाय. तिथे थांबा आणि गॅरेज गाठा. चारचाकीचं बेअरिंगही घरी करू नका. बऱ्याच गाड्यांत ते प्रेसवर बसवावं लागतं.

आमच्या गटाने वर्गणीतून एक पानापेटी घेतली आहे. ती घरोघर फिरते, आणि जी नेते ती नोंदवहीत सही करते. तुमच्याही गटाच्या बैठकीत हा विषय काढा. आज घरी गेल्यावर एवढं तरी करा: गाडी स्टँडवर लावा आणि चाक हलवून बघा.

भेटू पुढच्या भागात. राम राम!