आयते उत्तर आणि आपली विद्या

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी लोकांसाठी खुले झाले आणि त्यामागून अशी अनेक साधने आली. माझ्या वर्गात आता निबंध निर्दोष येतात. पण त्याच निबंधावर दोन प्रश्न विचारले की विद्यार्थी गप्प होतो. या गप्प होण्याचा विचार आपण केला पाहिजे.

प्रथम हे यंत्र काय करते ते पाहू. कोणत्या शब्दामागून कोणता शब्द येण्याचा संभव अधिक, हे ते अफाट मजकुरातून शिकलेले असते. त्या अंदाजावर ते वाक्य रचते. म्हणून ते सफाईने लिहिते आणि चूकही तितक्याच सफाईने सांगते. ती चूक ओळखायची तर माणसाजवळ स्वतःचे ज्ञान हवे.

माणूस मात्र वेगळ्या रीतीने शिकतो. नुसत्या वाचलेल्या शब्दापेक्षा स्वतः शोधून काढलेला शब्द अधिक लक्षात राहतो, हे स्लामेका आणि ग्राफ या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली प्रयोगाने दाखवले. अडखळणे, खोडणे, पुन्हा मांडणे यालाच शिकणे म्हणतात. यंत्र नेमके हेच श्रम काढून घेते.

तुर्कस्तानातील एका शाळेत सुमारे १,००० विद्यार्थ्यांवर गणिताचा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२५ साली प्रसिद्ध झाले. ज्यांना साधन मोकळे दिले त्यांनी सरावाची गणिते ४८ टक्क्यांनी सरस सोडवली. साधन काढून परीक्षा घेतली तेव्हा तीच मुले, साधन कधीच न मिळालेल्या मुलांच्या १७ टक्के मागे पडली. आपण कमी शिकलो हे त्यांना जाणवलेही नाही! आणखी एका गटाच्या साधनाला मात्र आयते उत्तर न देता फक्त वाट दाखवायला सांगितले होते. त्या मुलांचे असे नुकसान जवळजवळ झाले नाही.

तेव्हा यंत्रावर बहिष्कार हा उपाय नव्हे. माझ्या घरात पदवी घेणारा मी पहिला. अडलेले विचारावे असे घरात कोणी नव्हते. आज वस्तीतल्या मुलीला हे यंत्र न कंटाळता दहादा समजावून सांगते, ही लहान गोष्ट नाही. मात्र ते जात विचारत नसले तरी समाजाने लिहून ठेवलेले पूर्वग्रह त्याने वाचलेले असतात. कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या बोलीतील मजकूर दिला की अशी यंत्रे लिहिणाऱ्याला हलक्या प्रतीची कामे सुचवतात, असे २०२४ च्या एका संशोधनात आढळले. आपल्या पोरांची बोली अशा यंत्राकडून 'सुधारून' घेताना हे ध्यानात ठेवावे. बोलीबरोबर तिच्यातला अनुभवही पुसला जाऊ शकतो.

म्हणून मी वर्गात एक क्रम ठेवला आहे. आधी स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या हाताने लिहायचे. मग यंत्राला आपल्या मांडणीतील उणिवा विचारायच्या. शेवटी सर्वांसमोर उभे राहून आपले म्हणणे तोंडी सिद्ध करायचे.

आमच्या पूर्वजांच्या श्रमावर इतरांनी हक्क सांगितला आणि त्यांच्या विचाराला मज्जाव केला. विचार करण्याचा तो हक्क फार मोठ्या संघर्षातून मिळाला आहे. केवळ सोय होते म्हणून तो यंत्राच्या स्वाधीन करणे आपल्याला परवडणारे नाही.